शेपटाकडची खुर्ची

१

काल जसं होतं तसंच आज आहे ना, हे बघत राहणं एवढंच माझं काम. सिनेमावाले त्याला कंटिन्युइटी म्हणतात. नट दारातून आत येतो ते शूटिंग सोमवारी होतं आणि तो खुर्चीत बसतो ते पुढच्या शुक्रवारी. मधल्या काळात त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं की उघडं, ग्लास अर्धा होता की पाऊण, हे ज्या बाईला सांगता यायला हवं ती मी. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण लोकांची बटणं तोंडपाठ असतात.

हा सिनेमा युद्धाचा होता. त्यात खरंखुरं, युद्धाच्या काळातलं बॉम्बर विमान होतं आणि निर्मात्याला त्याचं फार कौतुक होतं. शहराबाहेरच्या, वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर ते उभं असायचं आणि आम्ही त्याच्याभोवती. सकाळी साडेसहाला पोचायचं, आणि मग ढगांसाठी थांबायचं, ढग आले की उन्हासाठी थांबायचं. माझे गुडघे गेलेत. घडीच्या स्टुलावर बसून बसून कंबरही त्याच वाटेला लागली होती.

विमानाचं सगळं बघायला एक म्हातारे मेकॅनिक होते. त्यांना सगळे काका म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "हे एक विमान समजू नका. नाक एकाचं, पंख दुसऱ्याचे. शेपूट कुठल्याशा शेडमध्ये सापडलं, त्याचे कागद नाहीत."

त्या शेपटाच्या टोकाला काचेचा एक घुमट होता. त्यात एका माणसापुरती खुर्ची आणि पुढे मशीनगन. त्या माणसाने उलट्या दिशेला, मागे सुटणाऱ्या आकाशाकडे तोंड करून बसायचं. तो आत गेला की पाठीमागची दोन छोटी दारं लावून घ्यायची. मग बाकीच्यांना तो दिसत नाही आणि त्याला बाकीचे.

त्या खुर्चीत माझा धाकटा भाऊ बसायचा.

२

धाकट्याला हे काम मी मिळवून दिलं होतं, हे आधी सांगून टाकते. एक्केचाळीस वर्षांचा नट, चार वर्षं घरी बसलेला. दिग्दर्शकाकडे तीनदा शब्द टाकला तेव्हा कुठे ही भूमिका मिळाली. संवाद चार, आणि तोंडावर बहुतेक वेळ ऑक्सिजनचा मास्क. युनिटने त्याचं नाव 'शेपूटवाला' पाडलं. त्याला त्याचाही राग नव्हता. मास्कचा होता.

"तायडे, मास्कच लावायचा होता तर मीच कशाला? पोतं बसवायचं की."

असं दिवसभर. आम्ही धावपट्टीजवळ एका लॉजमध्ये शेजारच्या खोल्यांत राहायचो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्याचं तेच दळण चालायचं. चहा कोमट आहे, बूट चावतात, आपल्याला कोणी विचारत नाही. मी मान डोलवायचे. मी कशी आहे, हे त्याने कधी विचारल्याचं आठवत नाही. पण तो असाच होता, जन्मापासून. आणि माझा होता.

रोज पॅकअप झालं की मी वाकून, रांगत विमानातून फिरायचे आणि प्रत्येक जागेचा फोटो काढून वहीत नोंद करायचे. सकाळी त्या फोटोबरहुकूम सगळं परत लावायचं. सहाव्या दिवशी संध्याकाळी मी घुमटाच्या खुर्चीबद्दल लिहिलं, 'पट्टा सुटा.' खुर्चीचा पट्टा दोन्ही बाजूंना लोंबत होता, मी स्वतः बघितला होता.

सकाळी दारं उघडली तर पट्टा लावलेला. रिकाम्या खुर्चीवर, घट्ट. बक्कल नीट बसलेलं.

आदल्या संध्याकाळचा फोटो बघितला. फोटोतही पट्टा लावलेला होता.

आता माझ्यासारखीने काय करावं? आमच्या धंद्यात फोटोपुढे आठवणीला किंमत नाही. माणूस दमतो, माणसाचं लक्ष जातं, सहाव्या दिवशी तर जातंच. मी वहीतलं 'सुटा' खोडलं, 'लावलेला' लिहिलं, आणि धाकट्याला सांगितलं, "आजपासून पट्टा लावून बसायचं."

३

मग घुमट फिरलेला सापडायला लागला.

आम्ही जाताना तो सरळ ठेवायचो. सकाळी तो वीतभर डावीकडे वळलेला असायचा. मी काकांना विचारलं तर त्यांनी हातातलं फडकं खिशात कोंबलं आणि आत बोट दाखवलं. "इंजिन चालू असलं तर तो आपोआप फिरतो. बंद असलं तर हे हँडल आहे. आत बसून फिरवावं लागतं."

"आत बसून?"

"बाहेरून फिरवायची सोय नाही."

"मग रात्रीत कोण फिरवतं?"

"उतार असेल जमिनीला," काका म्हणाले. धावपट्टी परातीच्या बुडासारखी सपाट होती, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. आम्ही दोघांनी तो विषय तिथेच ठेवला.

त्याच सकाळी दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून बघितलं आणि त्याला तो वळलेला घुमट आवडला. "मस्त आहे. असाच ठेवा." झालं. मी वहीत लिहिलं, 'घुमट वीतभर डावीकडे', आणि धाकटा तसा बसायला लागला. पुढे एका संध्याकाळच्या फोटोत मास्कची नळी खुर्चीच्या उजव्या हातावर टाकलेली दिसली. मी ती तशी टाकायला लावली. एकदा मशीनगनवर डाव्या हाताचा चामडी मोजा पालथा पडलेला होता. तोही रोज पालथा ठेवला. कोणी ठेवला, कधी ठेवला, हे शोधत बसायला वेळ नव्हता. जुळवणं हेच माझं काम आणि मी जुळवत गेले.

धाकट्याची कुरकुर मात्र घुमटात शिरला की बंद व्हायची. बाहेर चहापासून ढगापर्यंत सगळ्यावर बोलणारा माणूस आत दोन-दोन तास गप्प. मला बरं वाटायला हवं होतं.

एकदा जेवताना तो म्हणाला, "तायडे, ती गादी गरम असते."

"ऊन लागत असेल काचेतून."

"सकाळी सातला?"

मी त्याच्या ताटात पोळी वाढली. त्यानेही ताणून धरलं नाही, आणि एखादी गोष्ट ताणून न धरणं हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, मी फोटो काढत शेपटाकडे रांगत होते. बाहेर लोक सामान भरत होते, कोणीतरी हसत होतं. घुमटाची दारं लावलेली होती. आतून बारीक आवाज आला. कर्र. थांबून पुन्हा कर्र. हँडल फिरवल्याचा, सावकाश, एकेक दाता मोजत फिरवल्यासारखा.

मला वाटलं धाकटा अजून आत आहे. मी म्हटलं, "अरे, पॅकअप झालंय, निघ आता."

आवाज थांबला. खिडकीच्या फटीतून मी बाहेर बघितलं तर धाकटा व्हॅनच्या पायरीवर बसून बूट काढत होता.

तापलेला पत्रा थंड होताना वाजतो, हे मला माहीत आहे. स्वतःला तेच सांगितलं. त्या दिवशी घुमटाचा फोटो काढला नाही. आदल्या दिवसाचा चालवून घेतला.

४

विसाव्या दिवशी विमान एकदाच उडणार होतं. परवानगी पायलट आणि काका एवढ्या दोघांचीच होती. नट वर न्यायचे नाहीत, ही अट होती. दुसऱ्या छोट्या विमानातून त्याचं मागून शूटिंग होणार होतं.

निघण्याआधी मी शेवटची फेरी मारली. घुमट रिकामा, पट्टा लावलेला. दारं मी स्वतः ओढून घेतली. नंतर धावपट्टीच्या कडेला येऊन उभी राहिले तर धाकटा शेजारीच होता. आपल्याला वर नेलं नाही म्हणून तोंड फुगवून.

"पोतं तरी बसवलं का?" त्याने विचारलं.

"नाही. वजन नको म्हणाले."

विमान घरघरत वर गेलं, दोनदा घिरट्या घालून ढगात शिरलं, बाहेर आलं आणि उतरलं. कोणाला काही झालं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी तंबूत मॉनिटरवर ते चित्रण लावलं. विमान पाठमोरं, मागे पांढरं आकाश. कॅमेरा हळूहळू शेपटाजवळ आला. घुमटात माणूस होता.

डोळ्यांवर उडताना घालायचा जाड चष्मा. मास्क सुटून एका कानाशी लोंबत होता. छातीवर पट्टा. उजव्या हाताचा पंजा त्याने काचेला लावलेला होता आणि त्याचे ओठ हलत होते. सगळं मिळून सात सेकंद. मग विमान ढगात गेलं.

मी नोंद केली. हात आपोआप लिहीत होता. 'उजवा हात, मास्क लोंबता, चष्मा डोळ्यांवर, पट्टा लावलेला.'

दिग्दर्शक माझ्याकडे वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, भावाला गुपचूप चढवलंत ना? बरं केलंत मला सांगितलं नाही ते. परवानगीची भानगड आहे, आता कुठे बोलू नका."

"तो खाली होता. माझ्याजवळ उभा होता."

"हो, हो," तो डोळा मारत म्हणाला. "उद्या याचाच क्लोजअप घेऊ. तंतोतंत जुळला पाहिजे. ती जबाबदारी तुमची."

काका बाहेर टाकीवर बसून हात पुसत होते. मी विचारलं, "तुम्ही वर होतात. मागे कोण होतं?"

"मी पुढे होतो."

"मागे बघितलं नाहीत?"

"विमान उडत असताना?" ते म्हणाले. "मी बघत नाही, ताई. पहिल्यांदा उडवून बघितलं होतं, तेव्हापासून नाही."

पुढे विचारावंसं वाटलं नाही. ते सांगतील अशी भीती वाटली.

५

संध्याकाळी मी धाकट्याला म्हटलं, "उद्याचा क्लोजअप नको करूस. मी सांगते त्यांना, ताप आलाय म्हणून."

तो जेवायचा थांबला. "तायडे, अख्ख्या सिनेमात एकच क्लोजअप आहे माझा."

"माहीत आहे."

"चार वर्षांनी. तूच मिळवून दिलास आणि तूच नको म्हणतेस?"

काय सांगणार होते मी? की दोन आठवडे मी तुला रोज सकाळी दुसऱ्याच कोणाच्या मापात बसवत होते? पट्टा त्याच्यासारखा, नळी त्याच्यासारखी, मान त्याच्या बाजूला? तो हसला असता. हसल्यावर मलाही पटलं असतं.

म्हणून मी दुसरा मार्ग काढला. सत्तावीस वर्षांत मी चुका केल्या होत्या, पण जाणूनबुजून एकही नाही. त्या रात्री वहीचं एक पान नव्याने लिहिलं. डावा हात. मास्क तोंडावर पक्का. चष्मा कपाळावर चढवलेला. पट्टा सुटा. घुमट सरळ. आकाशातल्या त्या माणसाशी एकही गोष्ट जुळणार नाही असं. पडद्यावर लोक हसतील, दिग्दर्शक मला पुन्हा काम देणार नाही. न देऊ दे.

धाकट्याने पान वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. "चष्मा वर? म्हणजे डोळे दिसतील माझे."

"दिसतील," मी म्हटलं.

६

सकाळी दिग्दर्शकाने विचारलंच. "काल उजवा हात होता ना?"

"डावा."

"तुम्ही म्हणता तर डावा."

आमच्या कामात शेवटचा शब्द आमचा असतो. त्याचा असा उपयोग मी कधी केला नव्हता.

धाकटा वाकून आत गेला. पट्टा लावलेलाच होता, तो मी सोडायला लावला. बक्कल निघेना. काकांनी येऊन अंगठ्याने दाबून काढलं आणि घाईघाईने बाहेर गेले. मी दारं लावली. ती लावताना धाकटा मागे वळून म्हणाला, "डोळे नीट दिसतात ना बघ हं, तायडे."

मॉनिटरजवळ येऊन मी कानांवर हेडफोन चढवले. मास्कमध्ये बारीक माईक होता. पडद्यावर त्याचा चेहरा, चष्मा वर, डावा पंजा काचेवर. सगळं चुकीचं. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

मग कानात त्याचा श्वास ऐकू आला. आणि त्याच्या मागे, किंचित उशिरा, दुसरा.

प्रतिध्वनी असेल, बंद जागा आहे, असं मी मनात म्हणेपर्यंत तो दुसरा श्वास पहिल्याच्या जवळ सरकला. अर्ध्या क्षणाचं अंतर, मग त्याहून कमी. कोणीतरी पाऊल जुळवत चालत येत असल्यासारखं. धाकट्याचे डोळे मोठे झाले. डाव्या पंजाने त्याने काचेवर मारलं, एकदा, दोनदा, चारदा.

"वा," दिग्दर्शक पुटपुटला.

मी हेडफोन फेकून उठले. दोन पावलं टाकली असतील. मागून आवाज आला, "कट. ओके."

फेकण्याआधी मी जे ऐकलं ते एवढंच, की श्वास एकच राहिला होता. शांत.

दारं मी उघडली. धाकटा खुर्चीत नीट बसला होता. त्याने मास्क काढला, नळी गुंडाळून ठेवली, मला हात देऊन बाहेर आला. कॅमेरावाल्याला, लाइटवाल्यांना, सगळ्यांना धन्यवाद म्हणाला. काकांनाही म्हणाला. काका त्याच्याकडे बघत राहिले आणि विमानाच्या दुसऱ्या बाजूला निघून गेले.

"बरा आहेस ना रे?" मी विचारलं.

"छान आहे," तो म्हणाला. "तू बस जरा. किती वेळ उभी आहेस."

७

चार महिन्यांनी संकलकाने मला बोलावलं. शेवटचं जुळवून बघायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच काम. छोटी खोली, पडदे ओढलेले, दुपारचे तीन. तो तरुण माणूस, मला पहिल्यांदाच भेटत होता.

मी तयारीनेच गेले होते. उजवा हात, लगेच डावा हात. तो बोट ठेवणार आणि मी चूक कबूल करणार. वहीही आणली होती.

"ताई, हात जोडतो तुम्हाला," तो म्हणाला. "वरचा शॉट एका दिवशी, क्लोजअप दुसऱ्या दिवशी, आणि केसाचा फरक नाही. बघा."

पाठमोरं विमान. पांढरं आकाश. कॅमेरा हळूहळू शेपटाजवळ जातो. काचेला लावलेला डावा पंजा. मास्क तोंडावर पक्का. पट्टा सुटा. चष्मा कपाळावर.

"हे बदललंय कोणी?" मी विचारलं.

"काय बदलायचं? मूळ चित्रण आहे."

मी वही उघडली. त्या दुपारची नोंद माझ्याच अक्षरात होती, 'उजवा हात, मास्क लोंबता.' त्याने ती वाचली आणि समजुतीने म्हणाला, "लिहिताना चुकलं असेल."

"जवळ घ्या जरा. डोळे."

त्याने घेतलं. चित्र थोडं फुटलं, पण डोळे ओळखू येत होते. तो जन्मला तेव्हा मी आठ वर्षांची होते, सगळ्यांच्या आधी मला मांडीवर मिळाला होता. ते डोळे मला दुसऱ्या कोणाचे वाटूच शकत नाहीत. ते घुमटातून कोणाला तरी शोधत होते. पंजा काचेवर आपटत होता. मास्कमुळे तोंड दिसत नव्हतं.

"काय काम केलंय ना?" संकलक म्हणाला. "कोण आहे हो हा नट? असा घाबरलेला माणूस मी पडद्यावर बघितला नाही."

"माझा भाऊ," मी म्हटलं.

"शॉट जरा लांबतोय. ढगात जायच्या आधीच तोडू का?"

"नको," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण त्याने माझ्याकडे बघितलं. "एक फ्रेमही कापू नका. जेवढा आहे तेवढा राहू दे."

त्याने कागद पुढे केला. सही केली नसती तर दोन्ही शॉट काढून टाकले असते, ही पद्धत मला माहीत आहे. मग तो कुठेच नसता. मी सही केली. वर छापलेलंच होतं, 'सर्व जुळते.'

८

घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. शूटिंग संपल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. लवकर उठतो. कुरकुर नाही. दोन ठिकाणी काम मिळालंय. शेजारणी म्हणतात, सुधारला हो तुमचा भाऊ. मी हो म्हणते. चार महिने मलाही ते सुखाचंच वाटत होतं, ही लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे.

मला विचारायला हवं होतं. त्याला पुढ्यात बसवून, लहानपणचं काहीही एक विचारलं असतं तरी पुरलं असतं. वाटेत मी प्रश्न ठरवलेही होते.

दारात त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती, अन्नावर झाकण होतं, पाणी भरलेलं होतं.

"दमलीस?" त्याने विचारलं.

एक्केचाळीस वर्षांत माझ्या भावाने मला हे कधीच विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "फार." आणि हात धुऊन त्याच्यासमोर जेवायला बसले.